बगळीची बारीक वायर

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. लेकीजवळ नाही, शेजारणीजवळ नाही. देवापुढे हात जोडून उभी राहायची, तेव्हाही मनातल्या मनात विषय बदलायची. हसू नका. देवासमोर विषय बदलता येतो, सरावानं जमतं.

आता कागद घेऊन सांगायला बसले तरी बघा, सरळ मुद्द्यावर येववत नाही. तर आधी गाडीबद्दल सांगते. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. नाशिकरोडला जेल रोडवर आमचं बसकं घर, आणि दारात पांढरी, तिसऱ्या हाताची गाडी. माझ्या लेकीनं, मनीषानं, तिचं नाव बगळी ठेवलेलं. चाळिशी उलटल्यावर मी ती चालवायला शिकले, आणि मग काय विचारता! पदराला पिन, डोळ्याला गॉगल, काच खाली आणि कोपर बाहेर. कोथिंबीर आणायलाही गाडी काढायची. चालत गेले असते तर लवकर पोचले असते — पण मग लोकांना दिसलं कसं असतं? तेव्हाची ती गॉगलवाली मी आज रस्त्यात भेटली तर मी तिच्या तोंडावर हसेन. मग तिला बाजूला घेईन आणि... असो. त्याला वेळ आहे.

बगळीला एक रोग होता. कधीतरी, आणि कधी ते तिलाच ठाऊक, किल्ली फिरवली की काहीच व्हायचं नाही. घुर्र नाही, खर्र नाही, साधं टक् नाही. दिवे लख्ख लागायचे, हॉर्न ठणाणा वाजायचा, आणि इंजिन मात्र ढिम्म. थोडं थांबून परत किल्ली फिरवावी तर लगेच सुरू, जणू मघाशी काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली की पहिल्याच फेरीला सुरू व्हायची. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुली वागतात ना, तशी शहाणी. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणायचा, "वहिनी, तुम्ही किल्ली नीट फिरवता ना?" मला असा राग यायचा!

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, आणि तेही विजेच्याच विभागात. म्हणजे जिथून गावोगावचे दिवे लागतात तिथला माणूस, आणि त्याला स्वतःच्या दारातल्या डबड्यात बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत हातभर वीज पोचवता येईना! हे वाक्य मी हळदीकुंकवात म्हणून दाखवायची. बायका पोट धरून हसायच्या. ते ह्यांच्या कानावर गेलं असावं, कारण त्यानंतर हे इरेला पेटले.

रविवार आला की गाडी एक फेरी मारून आणायची आणि बॉनेट उघडायचं. हे आत वाकलेले, मी किल्लीवर. "फिरव." मी फिरवायची. "थांब." मी थांबायची. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, पॉलिश पेपरनं घासली. गाडी काही दिवस शहाणी. मग पुन्हा तेच. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खरवडली — पुन्हा काही दिवस शहाणी. मग बॅटरी नवी. मग किल्लीचा स्विच नवा. दर वेळी हे हात पुसत म्हणायचे, "सापडलं." आणि दर वेळी बगळी थोडे दिवस जाऊ द्यायची आणि नेमकी व्याह्यांच्या दारात नाहीतर लग्नाच्या मांडवासमोर मान टाकायची.

ह्यांची एक परीक्षा मला आवडायची. आधी पुढचे दिवे लावायचे आणि मग किल्ली फिरवायची. दिवे मंद झाले तर स्टार्टर वीज ओढतोय, पण जोर पुरत नाही. दिवे होते तसे लख्ख राहिले तर स्टार्टरपर्यंत निरोपच गेला नाही. आमचे दिवे कायम लख्ख. "बघ," हे आतून म्हणायचे, "स्टार्टरकडे दोन वायरी जातात. जाडी ताकद नेते. बारीक नुसता हुकूम नेते, उठ म्हणून. ताकद भरपूर आहे गं. हुकूम पोचत नाही."

मी मन लावून ऐकायची. गाडीत मला काडीचा रस नव्हता. पण हा माणूस एरवी बोलायचाच नाही. जेवताना "मीठ", झोपताना "दिवा". बॉनेटखाली डोकं घातलं की मात्र ह्यांना कंठ फुटायचा. लहानपणी वडिलांना किती घाबरायचे ते मला तिथं कळलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या भल्या थोरल्या यंत्रांचा आवाज ऐकून पळून जावंसं वाटलं होतं, तेही तिथंच कळलं. मी सीटवर बसून त्यांच्या वाकलेल्या पाठीशी बोलायची आणि पाठ मला उत्तरं द्यायची. आमच्या संसारातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या.

एका दुपारी मी एकटीच बाजारात गेले होते. ऊन मी म्हणत होतं, गाडी तापलेली, आणि किल्ली फिरवली तर ढिम्म. भोवती चार माणसं जमली. मी ऐटीत उतरले, बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले. काही कळत नव्हतं, पण कळतंय असा चेहरा तर हवा! खाली स्टार्टरच्या डोक्यावरच्या डबीत बारीक वायरीची पितळी टोपी बसवलेली दिसली. हिरवट पडलेली, आणि जरा कलती. तापलेल्या लोखंडात हात घालवेना. पिशवीत नुकतंच घेतलेलं लाटणं होतं. लाटण्याच्या टोकानं ती टोपी मी आत दाबली. किल्ली फिरवली. बगळी उठली!

नंतर दोन-तीनदा पडताळून पाहिलं. तेच. इंजिन तापलं की टोपी सैल पडायची, निवलं की बरी बसायची. म्हणून तर गॅरेजपर्यंत ओढत नेली की शहाणी.

आता तुम्ही म्हणाल, पळत जाऊन सांगितलं असेल ह्यांना. नाही सांगितलं. मला मोठी गंमत वाटली. एवढा विजेचा जाणकार, आणि उत्तर माझ्या लाटण्यापाशी! म्हटलं, एकदा ह्यांचे सगळे मित्र घरी जेवायला आले की सांगू, लाटणं हातात घेऊन. तो दिवस मी पुढे ढकलत राहिले. खरं सांगू का? बिघाड सापडला असता तर रविवार संपले असते. म्हणून मी किल्लीवर बसून राहिले आणि "नाही हो, काही होत नाही" म्हणत राहिले. एवढी लबाडी नवरा-बायकोत चालते, नाही का? मीही स्वतःला तेच सांगितलं.

आता मळ्याकडे वळते. वळायलाच हवं.

माझं माहेर मखमलाबादकडचं. फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, गुलाब, विहिरीच्या कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, मधला बाळू, धाकटी शकू. शकूच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि शकू पदरात काही न घेता मळ्यावर परत आली. विहिरीजवळच्या दोन खोल्यांत राहायची. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरून बाजारात न्यायची, दुपारी हार ओवायची. आई-वडील असेपर्यंत कुणी काही बोललं नाही. वडील गेले आणि बाळूनं कागद काढले.

हक्कसोड म्हणतात त्याला. वडिलांच्या जमिनीत मुलींचा वाटा असतो असं कायदा सांगतो, आणि मुलींनी तो भावाला सोडून द्यायचा असं घर सांगतं. मुलीनं कचेरीत जाऊन सही करायची, मग भाऊ साडी नेसवतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. आमच्यातल्या किती बायकांनी ती सही केली असेल! जिनं नाही केली तिचं नाव घरात कुणी घेत नाही, हेही आम्ही लहानपणापासून पाहिलेलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शकूला वाटलं. एका सकाळी ती टोपलीभर शेवंती घेऊन माझ्याकडे आली. फुलं खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, दादा मळा इकणार हाय. बिल्डरची मानसं टेप लावून मोजून गेली. मी इचारलं तर म्हनला, तुला कशाला पंचायत. ताई, मी कुठं जाऊ?"

तिचं मागणं फार नव्हतं. दोन खोल्या आणि विहिरीकडेची पट्टी आधी तिच्या नावावर करायची, मग बाकीच्या सगळ्यावर आम्ही दोघी आनंदानं सही करणार. "मी एकली बोलले तर तो हात धरून सही घील," ती म्हणाली. "तू संगं असली का नाय करायचा. तुला तो भितो."

हे खरं होतं. बाळू मला भ्यायचा. लहानपणी मी त्याला विहिरीच्या काठावर पायाला धरून उलटं लोंबकळवलं होतं. आमची दोघींची सही एकाच दिवशी ठरलेली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी गाडी घेऊन येते. नाक्यावर उभी राहा. बाळूच्या जीपमध्ये बसायचंच नाही. तुला घेऊन मी सरळ कचेरीत नेते, आणि तिथं बोलायचं ते मी बोलते." वर आणखी काय म्हटलं ठाऊक आहे? "मी आहे ना!" गॉगल लावला नव्हता एवढंच. ती हसली. जाताना अंगणातल्या बगळीच्या बॉनेटवर तिनं शेवंतीचं एक फूल ठेवलं, दसऱ्याला ठेवतात तसं.

दोन दिवसांनी बाळू आला. सीताफळं घेऊन. ऐसपैस बसला, चहा घेतला, मनीषाला हाक मारून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मनीषाचं लग्न ठरलं होतं, महिन्याभरावर आलेलं. ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, "ताई, शकीनं तुझ्या डोक्यात कायतरी भरलंय. मी भांडत नाय. पन कचेरीत माझा पानउतारा झाला, तर मांडवात मामा म्हनून मी उभा राहनार नाय. मग व्याह्यांना काय सांगायचं ते तू बघ."

तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीला बोहल्यावर मामा आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. मला भाऊ हा एकच. आणि व्याही कसे? पंगतीत वरणाची वाटी किती भरली हे मोजणारे. सख्खा मामा गावात असून मांडवात नाही, हे त्यांनी आयुष्यभर मनीषाला ऐकवलं असतं. मी हे सगळं का सांगते आहे? तुम्ही मान हलवावी म्हणून? नका हलवू. मामाच्या जागी चुलतमामा उभे राहिलेली लग्नं मी पाहिली आहेत. कुणाचं काही अडत नाही.

मी बाळूला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसती सीताफळं आत ठेवली.

तो दिवस उजाडला. ह्यांची दुपारची पाळी, म्हणून सकाळी घरीच. हे आंघोळीला गेले. मी फडकं घेऊन बाहेर आले, गाडी पुसायच्या निमित्तानं. बॉनेट उघडलं. लाटण्यानं काढता येत नव्हतं, म्हणून बाही वर करून हात घातला आणि ती पितळी टोपी उपटली. पुन्हा चुकून चिकटू नये म्हणून वायर मागच्या नळीआड खोचून ठेवली. बॉनेट लावलं. हाताला काळं लागलं होतं, ते तुळशीजवळच्या नळावर धुतलं.

हे झालं. हेच सांगायचं होतं. पण एवढ्यानं संपत नाही.

मग साडी नेसून, पर्स घेऊन मी ऐटीत गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. काय तो माझा अभिनय! "अहो! आजच हिला काय झालं हो!" हे ओल्या अंगानं, बनियन चढवत धावत आले. "दिवे लाव." लावले. "फिरव." फिरवली. "मंद झाले?" "नाही." "हुकूम पोचत नाही," हे म्हणाले आणि वाकले. त्या दिवशी ह्यांच्या हाताला अशी घाई मी पहिल्यांदाच पाहिली. शकू ह्यांची लाडकी मेहुणी. बॅटरीची टोकं हलवली, अर्थिंग हलवली, स्विचची वायर हलवली. तोंडानं एकसारखं चाललेलं, "थांब हं, सापडेल, तू बसून राहा, तिला ताटकळत ठेवायचं नाही..."

आणि मग आवाज थांबला.

बॉनेट उघडं असल्यामुळे मला ह्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसता एक हात दिसत होता, बाजूला टेकलेला. तो हात बराच वेळ हलला नाही. निसटलेली वायर लोंबते हो. ही खोचलेली होती. मी पदर खोचते तशी, नीट.

"फिरव," हे म्हणाले. मी फिरवली. दुसरं काय करणार? बगळी एका झटक्यात सुरू झाली. ह्यांनी बॉनेट लावलं, हात पुसले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "चालू झाली. निघ."

"आता उशीर झाला," मी म्हटलं.

"नाही झाला."

"माझं डोकं दुखतंय."

इंजिन चालूच होतं. हे म्हणाले, "मी जाऊ का? मी घेऊन जातो शकूला. मी बोलतो बाळूशी."

आणि मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, "जावयानं आमच्या माहेरच्या भानगडीत पडायचं काही कारण नाही."

आमच्याकडे ह्यावर बोलायला जागा उरत नाही. सासरवाडीच्या जमिनीत जावयानं तोंड घातलं की लोक म्हणतात, ह्याचाच डोळा आहे. हे ते ओळखून होते. मीही ओळखून होते, म्हणून तर म्हटलं. ह्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली बंद केली. काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेले.

शकू संध्याकाळी आली. दोन बस बदलून, धापा टाकत. ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली, धुळीनं माखलेली. मला दारात उभी बघून मटकन पायरीवर बसली. "हायेस ना धडधाकट? ॲक्सिडेंट तर नाय ना झाला? मला वाटलं ताई पडली कुठं तरी. नायतर ती आल्याबिगर राहील का!"

हे ती म्हणाली, आणि हे मी ऐकलं.

ती नाक्यावर उन्हात उभी राहिली होती. मग बाळूची जीप आली. "ताईचा फोन आलता, ती परस्पर कचेरीत येतीय," असं त्यानं सांगितलं. मी फोन केलाच नव्हता. कचेरीत ती येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघत राहिली. शेवटी बाळू म्हणाला, "तिला पडली असती तर आली असती. कर सही." आणि हिनं केली. "तू न्हवती तर माझी जीभच उचलंना, ताई."

मी म्हटलं, "गाडी सुरूच झाली नाही गं."

हे आत पेपर घेऊन बसले होते. दार उघडं होतं.

शकू उठली, अंगणात गेली आणि बगळीच्या बॉनेटवर फाडकन चापट मारली. "मेले, आजच तुला मरन आलं व्हतं? सख्ख्या बहिनीवानी फूल ठिवलं व्हतं तुझ्यावर!" मग स्वतःच हसली, डोळे पुसत. "जाऊ दे ताई. गाडीनंच दगा दिला, तू तरी काय करशील?" आतून पेपरचा आवाज आला. हे उठून मागच्या दारानं बाहेर पडले. कामावर दांडी मारल्याचं मला तेव्हा लक्षात आलं. का मारली असेल? मी शेवटी निघेन म्हणून वाट बघत होते?

माझी सही पुढच्या आठवड्यात झाली. त्या दिवशी बगळी एका फेरीत सुरू झाली. बाळूनं मला मोरपंखी साडी नेसवली. लग्नात तो मामा म्हणून उभा राहिला. फेटा बांधून, पोट पुढे काढून, मनगटावरचं घड्याळ बघत. अक्षता पडल्या आणि जेवायलाही न थांबता निघून गेला. व्याह्यांनी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

वर्षाच्या आत मळा गेला. विहीर बुजवली, दोन खोल्या पाडल्या. शकूला आदल्या दिवशी कळवलं. ती पिंपळगाव बसवंतला एका ओळखीच्या बाईकडे गेली. भाड्याची खोली, हंगामात पॅकहाउसला द्राक्षांचे घड कात्रीनं साफ करायचे, हंगाम नसला की कांद्याच्या खळ्यावर. फुलांना पुन्हा तिचा हात लागला नाही. आणि बाळू? भाऊबीजेला आम्ही दोघी ताटं मांडून बसलो आणि तो आला नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मळ्याच्या जागी सोसायटी उभी राहिली, तिच्यात त्याचा फ्लॅट. मी एकदा गेले तर त्याच्या बायकोनं दाराच्या साखळीतूनच सांगितलं, "ते घरी नाहीत." आत त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. ज्या माहेरासाठी मी हे केलं, ते महिनाभराचंही नव्हतं.

फसवणूक झाली माझी! असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. डोळ्यात पाणी आणून. भावानं गळा कापला हो आम्हा बहिणींचा! शकू शेजारी बसलेली असायची, मी तिचा हात हातात घ्यायची, आणि लोक हळहळायचे, बिचाऱ्या दोघी. मला ते आवडायचं. वायर उपटली ती एक सकाळ. पण तिच्या शेजारी बसून, तिच्याइतकीच फसवलेली म्हणून मी रडले, ते दहा-बारा वर्षं. यातलं मोठं पाप कोणतं, ते तुम्हीच पाहा. मला ठरवताना भीती वाटते.

आणि हे. ह्यांनी मला कधी काही विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी. त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं जाऊन किल्लीवर बसले. हे आले, म्हणाले, "तू नको." ह्यांनी दोन लांब वायरी आणि दारावरच्या घंटीचं बटण घेऊन काहीतरी बनवलं होतं. बॉनेटपाशी उभं राहून तेच बटण दाबायचे, इंजिन जागच्या जागी फिरायचं. किल्लीवर माणूस लागायचा नाही. त्या पितळी टोपीच्या जागी नवीन टोपी कधीच बसली होती, गाडीत काही बिघाड उरला नव्हता. तरीही हे दर रविवारी बॉनेट उघडायचे, थोडा वेळ आत बघत उभे राहायचे आणि बंद करायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. जेवताना "मीठ", झोपताना "दिवा". ह्यांचं शेवटचं आजारपण लांबलं, तेव्हा बोलायला वेळ पुष्कळ होता. मी पाय चेपत बसायची. ह्यांनी डोळे उघडले की मी औषधाचं बोलायची.

ह्यांच्यानंतर बगळी भंगारात दिली. गेल्या दिवाळीपासून शकू माझ्याकडेच राहायला आली आहे. गुडघे गेले तिचे, आणि डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. परवा जावयांची नवी गाडी सकाळी सुरू होईना, तर नातवंडांना गोळा करून हिनं गोष्ट रंगवली. "तुमच्या आजीची एक पांढरी गाडी व्हती, लय दगाबाज!" चापट कशी मारली तेही करून दाखवलं. पोरं लोळून हसली. मीही हसले. आणि हसता हसता ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिशी गाडी चालू झाली असती ना, तर आज माझा मळा असता. हाय का नाय, ताई?"

मी म्हणाले, "हो."

गाडी चालू होती, शकू. मी तिच्यात बसले होते. किल्ली माझ्या हातात होती आणि तू नाक्यावर उभी होतीस.

उद्या दुपारी, जेवणं झाली की, हे मी तिला वाचून दाखवणार आहे. सावकाश, पहिल्यापासून. लाटण्याचा भाग येईल तेव्हा ती हसेल, तेव्हा मी थांबणार नाही. वाचून झालं की कागद खाली ठेवीन आणि तिच्यासमोर बसून राहीन. ती जे काही बोलेल ते ऐकेन. नाहीच बोलली, तर तेही.